आहिरीच्या सकाळी

तंजावरच्या एका घरात ज्या ज्या सकाळी आहिरी राग गायला गेला, त्या त्या दिवशी घरातल्या कोणाच्याही पोटात अन्न गेले नाही.

"एकदाही अपवाद नाही?" मी विचारले.

"नाही, सार. गाडी चुकेल, आहिरी चुकायची नाही. आणि मी रेल्वेच्या बुकिंगच्या खिडकीवर बसतो. गाड्या किती चुकतात ते मला विचारा."

सेतुराव स्वतःच्या विनोदावर हसले. त्यांच्या थोरल्या बहिणीने, अंबुजाक्कांनी, माझ्यापुढे कॉफीचा पेला ठेवला. त्या हसल्या नाहीत.

ही १९७८च्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा पुण्यातल्या एका महाविद्यालयात ध्वनिशास्त्र शिकवत होतो. एका संगीतसंस्थेने कर्नाटक संगीतातल्या रागांच्या परिणामांची शास्त्रीय तपासणी माझ्याकडे सोपवली होती आणि ते काम स्वीकारल्याचा मला त्या उन्हाळ्यात रोज नव्याने पश्चात्ताप होत होता. पाऊस पाडणारा राग मी गावोगावी गाऊन घेतला. ढग आला नाही. झोप आणणाऱ्या नीलांबरीने एका बालवाडीतली मुले झोपली खरी. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी त्यांना माझ्या टेपरेकॉर्डरचे माहितीपत्रक वाचून दाखवले, तेव्हाही तेवढीच झोपली. नागाला डोलवणाऱ्या रागासाठी नाग मिळाला नाही, याचे मला दुःख नव्हते. सगळीकडे तीच कॉफी, तोच आदर, तोच नकारार्थी निष्कर्ष आणि तो ऐकताना यजमानांचा उतरत जाणारा चेहरा. यंत्र उचलून माझा उजवा खांदा कायमचा दुखू लागला होता. दुसऱ्याचे म्हणणे खोटे ठरवण्याचाही माणसाला कंटाळा येतो, हे मला तेव्हा कळले.

तंजावरला मात्र मी परिणाम तपासायला आलो नव्हतो. मला आहिरीचे स्वर मोजायचे होते. हा राग आपल्या अहीर भैरवाचा कोणी लागत नाही. त्याचे शास्त्र लिहिणाऱ्यांत एकमत नाही. कोणी त्याला एका मेळात, म्हणजे आपल्याकडच्या थाटात, बसवतो, कोणी दुसऱ्या. कारण सप्तकातला जवळजवळ प्रत्येक स्वर त्यात कुठे ना कुठे येऊन जातो आणि आलेला स्वर एका जागी उभा राहत नाही. आहिरीची एक जुनी मांडणी गोदाबाईंकडे आहे आणि बहुधा आता फक्त त्यांच्याकडेच आहे, असे मला मद्रासमध्ये सांगण्यात आले होते.

गोदाबाई म्हणजे या बहीणभावांची आई. घर तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. शेकडो वर्षे तमिळच्या शेजारात राहिलेली त्यांची मराठी मला जरा लक्ष देऊन ऐकावी लागे. क्रियापदे जुनी, हेल तमिळ. ती तशीच कागदावर उतरवणे मला साधणार नाही, म्हणून त्यांचे बोलणे माझ्याच मराठीत देतो आहे.

सत्तरीच्या गोदाबाई आत झोपाळ्यावर बसल्या होत्या. बाई बारीक, मान तर इतकी बारीक, की डाव्या बाजूची गाठ दारातूनही दिसत होती. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने सेतुराव त्यांना मद्रासला शस्त्रक्रियेसाठी नेणार होते. मी पोहोचलो तो बुधवार होता.

"आवाज राहील?" मी हळू आवाजात विचारले.

"डॉक्टर म्हणतात, जीव राहील," सेतुराव म्हणाले. "आवाजाचे आम्ही दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी हेच सांगितले."

"तर मग आहिरी उद्याच घेतली पाहिजे."

"या घरात आहिरी होणार नाही," अंबुजाक्का म्हणाल्या.

अंबुजाक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवत. वाक्य संपवून त्या थांबल्या, फळ्यावर उत्तराखाली रेघ ओढावी तशा.

सेतुरावांनी माझी समजूत काढायचा प्रयत्न केला. "तुम्हाला ठाऊक असेल, सार. सकाळी आहिरी गाऊ नये, गाणाऱ्याला त्या दिवशी अन्न मिळत नाही, असे इकडे सगळेच म्हणतात. बाकीचे नुसते म्हणतात. आम्ही भोगले आहे. लहानपणी सकाळी डोळे उघडायच्या आधी कान उघडायचे. मोहना ऐकू आला तर भात. तोडी ऐकू आला तर भात. आहिरी ऐकू आली, की मी पांघरूण डोक्यावरून घ्यायचो. उठून करायचे काय?"

"आणि आई काय सांगत?"

"'चुकून तोंडून आहिरी निघून गेली रे, सेतू. आता आज चूल पेटवता येणार नाही.' झाले. मी पाणी पिऊन खेळायला. पण त्या रागाचा प्रताप बघा. नुसती माणसेच उपाशी नाहीत. त्या दिवशी आमच्या दारातल्या रांगोळीला मुंग्यासुद्धा फिरकत नसत!"

मी मान हलवली. अशा कथांना शेवटी एखादा प्राणी जोडला जातो, हे मला एव्हाना पाठ झाले होते. पाऊस पाडणाऱ्या रागाच्या कथेत मोर होता.

"अप्पा घरी असले, की असे कधी घडत नसे," अंबुजाक्का मध्येच म्हणाल्या. भिंतीवर चंदनाच्या हारातला एक फोटो होता. फेटा, गंध, हातात चिपळ्या. हे त्यांचे वडील, हरी भागवतर. गावोगाव कथा करत हिंडत, महिनोन्‌महिने बाहेर असत. द्रौपदीच्या थाळीचे त्यांचे आख्यान तंजावर जिल्ह्यात प्रसिद्ध होते. ऐकताना लोकांना भूक लागे म्हणे. "अप्पा असताना तिने आहिरी एकदाही गायली नाही. त्यांच्यासमोर धीर होत नसेल. ते गेले, की आमच्यावर."

झोपाळ्याची कडी करकरत होती. गोदाबाईंना सगळे ऐकू जात होते.

मी एक साधा प्रयोग सुचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आहिरी गातील, नंतर आपण सगळे पोटभर जेवू आणि हा दावा कायमचा निकालात निघेल.

"आणि जेवण नाहीच मिळाले तर?" सेतुरावांनी डोळे बारीक केले.

"मी स्टेशनवरून इडल्या आणीन."

"स्टेशनवरच्या इडल्या अन्नात मोडत नाहीत, सार. आहिरीच जिंकेल."

अंबुजाक्कांनी माझा रिकामा पेला उचलला. "खांबेटेराव, तुम्हाला वाटते मी घाबरते. मी घाबरत नाही. मला ते गाणे ऐकवत नाही."

गुरुवारी सकाळी गोदाबाई माझ्या यंत्रासमोर बसल्या. त्यांनी मुखारी गायला, सहाना गायला. आवाज मध्येच फाटत होता, पण फाटल्यानंतर तो नेमका जिथून सुटला तिथेच परत लागत होता. मापकाच्या काट्याकडे बघत मी मनातल्या मनात त्यांचा स्वर तपासत होतो आणि तपासण्यासारखे फारसे काही नव्हते.

"आणि आहिरी?" मी विचारले.

"आता येत नाही, बाबा."

"विसरलात?"

"विसरायला ती काय पदार्थ आहे?" त्या हसल्या. "येत नाही म्हणजे बोलावत नाही."

"निदान सांगा तरी. तिच्यात असे काय आहे, की लोक तिला भितातही आणि ऐकायलाही मागतात?"

त्यांनी तंबोरा मांडीवरून उतरवला. "बाकीचे राग घर बांधतात. शंकराभरण घ्या, ओटा, माजघर, वर गच्ची, सगळे प्रशस्त. तिथे माणूस फिरतो. आहिरीला घर नाही. ती दारात उभी राहते."

"मागायला?"

"मागत नाही. मागायला म्हणून आलेल्याला दारात आल्यावर शब्द सुचत नाहीत, तशी उभी राहते. म्हणून तिच्यात घाई नाही, ताना नाहीत. एक पाऊल पुढे, एक मागे. गंधार लावायला जावे, तो लाजून खाली उतरतो. तो उतार ज्याला दिसला त्याला आहिरी आली. नुसता स्वर लावला तर नुसता स्वर राहतो."

सांगता सांगता त्यांनी तो उतार दाखवला. गायल्या असे म्हणता येणार नाही. श्वासाबरोबर एक गंधार बाहेर आला आणि रिषभाकडे सरकताना कुठेतरी वाटेत मावळला. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत स्वराला मी एक आकडा मानत आलो होतो. त्या गंधाराला आकडा नव्हता.

स्वयंपाकघरात भांडे जोरात आपटले. गोदाबाई पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसल्या.

दुपारी सेतुराव ड्यूटीवर गेले होते आणि म्हातारीचा डोळा लागला होता. उन्हामुळे मला खोलीवर परत जाववेना. मागच्या पडवीत अंबुजाक्का आईची मद्रासची पिशवी भरत होत्या. लुगडी, विभूतीची डबी, गळ्याला गुंडाळायची मऊ फडकी.

"तुम्ही गाणे शिकलात?" मी विचारले. घरात शांतता फार झाली होती.

"नवव्या वर्षापर्यंत. सोडले."

पिशवीत त्यांनी आणखी एक फडके घातले, काढले, पुन्हा घातले.

"सेतूला विषमज्वर झाला होता. ताप उतरला, आणि वैद्य म्हणाले, उद्यापासून पातळ पेज द्या, नाहीतर पोर उठायचे नाही. मी रात्रभर सकाळची वाट पाहिली. सकाळी अम्माने आहिरी धरली. मी धावत गेले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. दोन्ही हात. तिने माझे हात बाजूला केले आणि गात राहिली." त्यांनी पिशवीचे तोंड आवळले. "दुपारी सेतू न्हाणीच्या दारात पडला. संध्याकाळी शेजारच्या मामींनी ताक पाजले म्हणून वाचला. मी त्या दिवसापासून तंबोऱ्याला हात लावला नाही. तिची सेवा मी करते, खांबेटेराव. जन्मभर करते आहे. पण एक राग लेकरापेक्षा मोठा वाटला त्या बाईला, हे मला विसरता येत नाही."

मी माझ्या परीने शास्त्रीय दिलासा दिला. यात रागाचा काही प्रताप नाही. आई श्रद्धाळू, चुकून राग तोंडून निघाला, की चूल पेटवणे अशुभ, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असणार. म्हणजे राग नव्हे, रागाविषयीची समजूत उपास घडवत होती. अशी उदाहरणे वैद्यकात पुष्कळ आहेत.

"श्रद्धाळू?" अंबुजाक्का माझ्याकडे वर्गातल्या कच्च्या मुलीकडे बघावे तशा बघू लागल्या. "अम्मा ग्रहणात जेवते. राहुकाळात घराबाहेर पडते. मांजर आडवे गेले तर त्याला वाट देते आणि पुढे जाते. या घरात एकही समजूत पाळली गेली नाही. फक्त ही एक."

माझे स्पष्टीकरण चांगले होते. ते या बाईला लागू पडत नव्हते, एवढेच. एखादे वर्तन माणसाच्या बाकीच्या सगळ्या वर्तनाशी विसंगत असेल, तर त्याचे कारण आपण चुकीच्या जागी शोधत असतो. पण योग्य जागा कोणती, हे सुचण्याइतके माझे डोके त्या उकाड्यात चालत नव्हते. मी खोलीवर गेलो आणि पंख्याखाली पडून राहिलो. आहिरी मिळणार नव्हती. दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायचा, आभार मानायचे आणि यंत्र उचलून पुढच्या गावी जायचे.

शुक्रवारी उजाडताना मी पोहोचलो. ऊन चढल्यावर गोदाबाईंना बोलणेही कष्टाचे होई, म्हणून निरोपाला ही वेळ ठरली होती. दारात सडा झाला होता आणि अंबुजाक्का वाकून रांगोळी घालत होत्या. तिकडे तिला कोलम म्हणतात. ठिपक्यांभोवती न तुटणारी एकच रेघ फिरवत न्यायची. बोटांच्या चिमटीतून पांढरी रेघ सुटत होती आणि पायरीच्या फटीतून निघालेली मुंग्यांची रांग तिच्या एका कोपऱ्याला भिडली होती.

"मुंग्या लागल्या आहेत," मी म्हणालो. यजमानांना त्यांच्या घरातले काही बिघडलेले दाखवावे, तशा स्वरात.

"लागणारच. त्यांच्यासाठीच तर घालायचा. तांदळाची पिठी आहे."

"रांगोळी तांदळाची?"

"मग तुमच्याकडे कशाची?"

"शिरगोळ्याची. दगडाची पूड."

"दगड?" त्या कंबर सरळ करून माझ्याकडे बघू लागल्या. "मग मुंग्यांनी काय खायचे?"

मी ओट्याच्या कडेला बसलो. आमच्याकडच्या रांगोळीला मुंग्या कधीच लागत नाहीत, म्हणूनच सेतुरावांच्या मुंग्या मी मोराच्या रांगेत बसवल्या होत्या.

"अंबुजाक्का, सेतुराव म्हणाले त्या मुंग्या कोणत्या? याच?"

"याच. कोलमच्या. आहिरीच्या दिवशी यायच्या नाहीत. मी बघत बसायची. त्या दिवशी बघायला दुसरे काही नसायचे."

"तेव्हा कोलम कोण घालत असे?"

"अम्मा."

"गाण्याच्या आधी, की नंतर?"

"आधी. अंधारातच. कोलम झाल्याशिवाय तंबोऱ्याची गवसणी निघत नसे."

"मुंग्यांना राग कळत नाही," मी म्हणालो. "त्यांना पीठ कळते."

त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. त्यापुढे मला काही सांगावे लागले नाही. त्यांची चिमटी रेघेवर तशीच थांबली आणि पीठ एका जागी सांडून त्याचा लहानसा ढीग झाला.

"त्या दिवशीचा कोलम बोटाला टोचायचा," त्या म्हणाल्या. "मी बोट फिरवून बघायची. एकदा मी तिला विचारले, आज पीठ असे खरखरीत का गं? ती म्हणाली, जात्याला टाकी लावायला झाली आहे." त्यांनी बोटांवरची पिठी चोळून पाहिली. "ते पीठ नव्हते. दगडाची पूड होती ती. कोलम घालायच्या वेळीच तांदळाचा डबा रिकामा होता."

मुंग्यांची रांग त्या नव्या ढिगाकडे वळली.

"म्हणजे गायच्या आधी तिला ठाऊक होते."

त्यांनी राहिलेली रेघ पुरी केली. कोलम अर्धा सोडत नाहीत. मग हात न झटकताच त्या आत गेल्या. मी बाहेरच बसलो, पण घर लहान होते आणि रस्ता अजून जागा झाला नव्हता.

"अम्मा. सेतूला ताप आला होता तेव्हा घरात तांदूळ होते?"

झोपाळ्याची कडी थांबली.

"कोण म्हणाले?"

"मुंग्या म्हणाल्या."

मग गोदाबाई म्हणाल्या, "तुझे अप्पा दौऱ्यावर होते. येताना आणणार होते."

"काय आणले?"

"शाल. मोठ्या मानाची होती."

"मी तुझ्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा तरी सांगायचे होतेस."

"गाणे थांबवले असते, तर चूल का पेटली नाही ते सांगावे लागले असते. तुला आणि सगळ्या गल्लीला. गल्ली द्रौपदीच्या थाळीचे आख्यान ऐकायला जायची गं, अंबू. भागवतरांच्या घरातून धूर निघाला नाही, तर लोक काय म्हणाले असते? आहिरी गायली, की कोणी विचारत नसे. म्हणत, आज गोदाने आहिरी गायली वाटते."

"आणि मी तुला दोष दिला. इतकी वर्षे."

"दिलास. अप्पांना दिला नाहीस." कडी एकदा करकरली. "आणि रागाला दिलास. त्याचे काय बिघडते? रागाला पोट नसते."

सेतुराव विहिरीवरून ओल्या पंच्याने येऊन मधल्या दारात उभे राहिले होते. त्यांनी सगळे ऐकले असावे. ते ओट्यावर येऊन माझ्याशेजारी बसले आणि दारातल्या कोलमकडे बघत राहिले.

"म्हणजे मुंग्यांना सगळे ठाऊक होते, सार," ते शेवटी म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

आत चूल पेटल्याचा वास आला. तांदूळ धुतल्याचा आवाज, झाकणाचा आवाज. मग अंबुजाक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. रोज सकाळी त्या वडिलांच्या फोटोची काच पुसून त्याला कुंकू लावत. त्या दिवशी ते राहिले.

"खांबेटेराव, यंत्र लावा," त्या म्हणाल्या, आणि आत वळून, "अम्मा, भात चढवला आहे. आता गा."

"अंबू, मद्रासला जायचे आहे, गळा..."

"मद्रासला ते गळा कापणार आहेत. आत्ता आहे. गा."

गोदाबाईंनी आहिरी धरली.

त्या गाण्याविषयी मी थोडेच लिहितो, कारण ज्यांना आधार देता येत नाही अशी विधाने मी करत नाही. आवाज खराब होता. श्वास तोकडा होता. चौथ्या-पाचव्या स्वरसमूहानंतर त्यांना खोकला येई आणि त्या थांबत. पण थांबत त्याही रागाच्या आतच. गंधार वर जाई, संकोचून खाली येई; धैवत दार ढकलावे तसा हलकेच पुढे होई आणि मागे फिरे. आहिरी दारात उभी राहते, असे त्या म्हणाल्या होत्या. मला आदल्या दिवशी ती उपमा वाटली होती. आता ते वर्णन असल्याचे कळत होते. एका बाईने रिकाम्या घरात, दोन लेकरांच्या डोळ्यांसमोर, कोणाच्याही दारात न जाता केलेले वर्णन.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अंबुजाक्का उभ्या होत्या. एका जागी त्यांनी आईच्या मागून तीच ओळ म्हटली, अगदी हळू. पन्नाशीच्या बाईचा, चाळीस वर्षे न वापरलेला आवाज. स्वर लागला नाही.

गोदाबाई गायच्या थांबल्या. "खाली. आणखी खाली. तिथे उभी राहू नकोस, तिथून नीघ."

अंबुजाक्कांनी पुन्हा म्हटले.

"नाही. तू लावते आहेस. लावू नकोस, उतर."

पुन्हा. आणि पुन्हा. माझी टेप फिरत होती. तिच्यावर आता राग नव्हता, शिकवणी होती आणि मोजमापाच्या दृष्टीने ती निरुपयोगी होती. मी ती बंद केली नाही. भात उतू गेला. दोघींपैकी कोणी हलले नाही. सेतुराव उठून आत गेले आणि झाकण काढल्याचा आणि त्यांचे बोट भाजल्याचा आवाज आला.

मग आम्ही केळीच्या पानांवर जेवलो. भात, रसम, ताक. गोदाबाईंना घास गिळायला त्रास होई, म्हणून अंबुजाक्का भात कुसकरून, ताकात पातळ करून त्यांना भरवत होत्या. त्या भरवताना मान खाली घालून होत्या. गोदाबाईंनी वाटी संपवली.

"अजून?" अंबुजाक्कांनी विचारले.

"अजून," गोदाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या मद्रासला गेल्या. शस्त्रक्रिया झाली; डॉक्टर म्हणाले होते तसा जीव राहिला, आवाज राहिला नाही. पुढे काही वर्षे त्या झोपाळ्यावर बसून अंबुजाक्कांचे गाणे ऐकत आणि गंधार चुकला, की तळहात खाली करून दाखवत, असे सेतुरावांनी मला एकदा पुण्याला आले असता सांगितले. आता त्या तिघांपैकी कोणी नाही. माझ्या अहवालात मी हे प्रकरण घेतले नव्हते. परिणामांच्या यादीत त्याला जागा नव्हती, कारण तो परिणाम नव्हता. कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली होती आणि ती ज्या बाईने जाणूनबुजून केली होती, ती तेव्हा जिवंत होती. आज ते लिहून ठेवायला हरकत नाही.

त्या घरात आहिरी गायल्यामुळे कोणी उपाशी राहिले नाही. ज्या सकाळी घरात तांदूळ नसत, त्या सकाळी गोदाबाई आहिरी गात असत.